सहावी खुंटी

१

दुपारची झोप झाली की फुएन्सान्ता वाजवायला बसायची, आणि मी स्वयंपाकघरात शेंगा सोलायला. मधलं दार उघडं असायचं. फुएन्सान्ता माझी नात. तिचे आईबाप बार्सिलोनाला कारखान्यात, आणि ही माझ्यापाशी वाढली. तिच्या आजोबांनी, माझ्या ब्लासने, तिच्या हातात गिटार दिली तेव्हा खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पुढे ती शहरात जाऊन कागदावरचं संगीत शिकली, आणि त्या वसंतात तिला हाएन शहरातल्या थिएटरात वाद्यवृंदाबरोबर कॉन्सिएर्तो वाजवायचा होता.

कॉन्सिएर्तो म्हणजे काय, ते मला ऐकून ऐकूनच कळलं. एका बाजूला व्हायोलिनं, बासऱ्या, कर्णे, नगारे, आणि दुसऱ्या बाजूला आपली सहा तारांची बिचारी गिटार. त्या सगळ्यांनी नुसता मोठ्याने श्वास सोडला तरी गिटार बुडेल. म्हणून रचणाऱ्याने मधल्या संथ भागात एक जागा करून ठेवली आहे. तिथे सगळे थांबतात, वाद्यं मांडीवर ठेवतात, आणि गिटार एकटीच वाजते. फुएन्सान्ता त्याला काहीतरी शिकल्यासवरल्यांचं नाव सांगायची. मी म्हणायची, एकटीची जागा.

घरी सरावाला वाद्यवृंद कुठून आणणार? तर डॉन लेआंद्रोंनी, म्हणजे समोर उभं राहून काडी हलवतात त्यांनी, एक कॅसेट भरून दिली होती. तिच्यात सगळी वाद्यं, गिटार तेवढी नाही. कॅसेट लावायची आणि आपण वाजवायचं. एकटीची जागा आली की कॅसेट नुसती फिरत राही, आणि तिच्या त्या गप्प बसण्यावर माझी पोर वाजवी. तिथे मला राहवत नसे. आमच्याकडे वाजवणाऱ्याला असं एकटं सोडत नाहीत. लग्न असो, जत्रा असो, गिटारवाला जीव काढून वाजवत असला की भोवतीचे 'ओऽले' म्हणून ओरडतात, शाबास म्हणत त्याच्या पाठीवर हात ठेवावा तसे. मी शेंगा टाकून ओरडायची,

"ओऽले, माझ्या पोरी!"

"आजी!" तिकडून गिटार थांबायची. "हा काय पाब्लो काकाचा गुत्ता आहे? थिएटरात खोकलेलंसुद्धा चालत नाही."

"मग माणसं येतात कशाला?"

"ऐकायला."

"तोंड शिवून?"

"हो, शिवून. आता शपथ घे. माउली मारियेची शपथ, त्या जागेत मी ओरडणार नाही. इथेही नाही अन् तिथेही नाही. मला गप्प हवेत वाजवायची सवय करू दे."

मी शपथ घेतली. तिच्या जन्माचं काम होतं ते, माझ्या एका ओरडण्याने बिघडायला नको. त्या दिवसापासून आमच्या घरात ती जागा खरीखुरी गप्प झाली.

२

नंतर एका दुपारी तिचं नख तुटलं. उजव्या हाताची नखं म्हणजे तिची अर्धी गिटार. त्यांच्यापायी मी तिला भांड्याला हात लावू देत नसे. पाण्याची घागर उचलायला गेली आणि मधल्या बोटाचं नख गेलं. रडली, शिव्या दिल्या, मग खिडकीशी बसून कानशीने घासत राहिली. कॅसेट मात्र चालू ठेवली, वाद्यवृंद तरी कानावर पडू दे म्हणून.

म्हणजे त्या दिवशी एकटीच्या जागेत कुणीच वाजवत नव्हतं. ती जागा मी पहिल्यांदाच रिकामी ऐकली.

व्हायोलिनं थांबली. मग नुसती हवा. कुणीतरी खोकलं, तोंडावर हात धरून खोकावं तसं. एक खुर्ची करकरली. वाजवणारी माणसं आहेत, बसल्या जागी हलणारच. मग पुन्हा हवा, आणि त्या हवेत,

क्र्र... क्र्र.

शेंग माझ्या हातातच राहिली.

तो आवाज मला सांगावा लागत नाही. लाकडी खुंटी उलटी पिळल्याचा आवाज तो. आमच्या गावात गिटार वाजवणारा माणूस गेला की घरातली बाई त्याच्या गिटारच्या तारा सैल करते. जाड तार आधी, बारीक तार शेवटी, आणि मग गिटारचं तोंड भिंतीकडे करून टांगते. ही शेवटची, सहावी तार सैल झाली की मगच बाहेरची माणसं शवपेटीला खांदा द्यायला आत येतात. ब्लास गेला तेव्हा मी हे माझ्या हातांनी केलंय.

"फुएन्सा, हे काय वाजलं?"

"कुठे काय?" ती नखावर फुंकर मारत म्हणाली. "कुणाची तरी खुर्ची."

व्हायोलिनं परत सुरू झाली. मीही शेंगा सोलू लागले. म्हटलं, खुर्चीच असेल.

३

घरात लाकडी खुंट्यांची गिटार एकच, ब्लासची. फुएन्सान्ताच्या गिटारला लोखंडी मळसूत्रं आहेत, ती लोण्यासारखी फिरतात. ब्लासची मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टांगलेली. मी स्टूल घेऊन चढले. खुंट्यांवर बोटभर धूळ आणि धुळीवर कोळ्याचं जाळं. तिला कुणी हात लावलेला नव्हता. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची ओब्दुलिया आली तेव्हा फुएन्सान्ता दुकानात गेली होती. मी मुद्दाम कॅसेट लावली.

"बस. ऐक आणि सांग."

"मला काय कळतंय त्यातलं? माझा नवरा घोरतो तेवढंच संगीत मला ठाऊक."

"तुला खुंट्या कळतात. तुझ्या भावाच्या तारा तूच सैल केल्यास ना?"

ओब्दुलियाचं हसू गेलं. आम्ही दोघी बसलो. व्हायोलिनं थांबली. खोकला आला. खुर्ची आली. मग क्र्र, क्र्र, जाड तारेची खुंटी. थोडं थांबून दुसरी. काल दुसरी नव्हती. मी माउलीची शपथ घेऊन सांगते, काल दुसरी नव्हती.

ओब्दुलिया उठली आणि तिने ते यंत्र बंद केलं.

"ही कुणी भरली?"

"थिएटरातल्या लोकांनी."

"कासिल्दा, थिएटरात खुर्च्या कसल्या असतात गं?"

"लोखंडी. घडीच्या. मी फोटोत पाहिल्यात."

"मग ही करकरली ती गवताने विणलेली होती." तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर हात दाबून दाखवला. तस्साच आवाज. "आणि तो खोकला ऐकलास? असं कधी खोकतात, सांग."

मला ठाऊक होतं. मयताच्या घरात शिरण्याआधी माणूस दारात असंच खोकतो. आत रडणाऱ्यांना कळावं, कुणी आलंय म्हणून. आणि शेजारीपाजारी आपापल्या घरच्या खुर्च्या आणून भिंतीला लावतात.

"ते पोरीला ऐकू येत नाही?"

"तिथे ती वाजवत असते. कसं ऐकू येणार?"

४

डॉन लेआंद्रो रविवारी जेवायला आले. माणूस चांगला, हात सारखे हवेत, बोलतानाही काडी हलवल्यासारखे. लसूण घालून परतलेला पावाचा चुरा मी वाढला तो त्यांनी दोनदा घेतला. फुएन्सान्ताने त्यांच्यासमोर सगळा मधला भाग वाजवला. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "सेन्योरा, तुमची नात हाएनला थांबत नाही. रेडिओवाले येणार आहेत. इथून वालेन्सिया, मग माद्रिद."

मी विचारलं, "डॉन लेआंद्रो, त्या एकटीच्या जागेत, सगळे थांबतात तिथे, खोकतं कोण?"

"खोकतं?"

"कॅसेटवर."

"शक्य नाही." ते हसले. "त्या बडबड्यांना गप्प बसवणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हणून त्या भागापुरतं मी सगळ्यांना कॉफीला पिटाळलं. मीही गेलो. दाराला बाहेरून कडी घातली, यंत्र आत फिरत ठेवलं, वेळ झाल्यावर परत आलो. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं."

माझ्या हातातला वाडगा टेबलाला लागून वाजला.

"बाहेरून कुणी खोकलं असेल," फुएन्सान्ता घाईघाईने म्हणाली. "माइक सगळं पकडतो."

"आणि खुंट्या?"

"आजी, पुरे! आजी आजकाल प्रत्येक आवाजात काहीतरी ऐकते, सर."

डॉन लेआंद्रोंनी कॅसेट मागे नेऊन ऐकली. काडीवाला हात हवेत धरून त्यांनी ती रिकामी जागा शेवटपर्यंत ऐकली. मी मोजत होते. चार खुंट्या. पाचवी सुरू होता होता व्हायोलिनं आली.

"मला तर काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. फुएन्सान्तानेही मान हलवली.

पण तिने वर पाहिलं नाही. नखांकडेच पाहत राहिली.

५

मी कॅसेट जाळली. सोमवारी सकाळी तिची पट्टी ओढून काढली आणि चुलीत घातली. काळी पट्टी वळवळली आणि आक्रसून गेली. फुएन्सान्ताने वास ओळखला, धावत आली.

"का? का केलंस हे?"

"तू नको जाऊ. यंदा नको. पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी मला कोण विचारणार? गावोगाव लग्नात वाजवू, आजोबांसारखी? तुला ते खुंटीबिंटी काही ऐकू येत नाही, आजी. तुला एवढंच ऐकू येतंय की मीही जाणार, आईबाबांसारखी, आणि तू इथे एकटी शेंगा सोलत बसणार."

ती असं बोलली आणि मला वाटलं, खरंच असेल. म्हातारीचे कान ते. माणसाला जे नको असतं तेच ऐकू येतं. ब्लास गेला तेव्हाचं सगळं माझ्या डोक्यात बसलेलं आहे, तेच बाहेर येत असेल. मी खाली बसले आणि म्हटलं, "जा बाई. मी येते तुझ्याबरोबर. तोंड शिवून बसते."

ती विरघळली. माझ्या केसांवर ओठ टेकले आणि कॅसेटशिवाय वाजवायला बसली. वाद्यवृंद मनात ऐकत, पायाने ताल धरत. मी खोलीतच बसले या खेपेला. एकटीची जागा आली. तिच्या मधोमध एक थांबा आहे. एक सूर सोडून देतात आणि तो पार विरेपर्यंत हात हलवायचा नाही. सूर विरला.

खोलीच्या कोपऱ्यात, जिथे नुसती चुना दिलेली भिंत आहे, पाचवी खुंटी फिरली.

फुएन्सान्ता माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"लाकूड तापलं की वाजतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

६

रंगीत तालीम शनिवारी दुपारी बाराला. फोटो काढायचे होते म्हणून सगळे काळ्या कपड्यांत. मला तिसऱ्या रांगेत बसवलं. थिएटर रिकामं, लाल खुर्च्या, वरच्या खिडक्यांतून ऊन. सकाळची झाडलोट झालेली, जमिनीला साबणाचा वास. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं. पहिला भाग घोड्यासारखा दौडत गेला. माझी पोर त्या सगळ्यांना पुरून उरली. मला रडू आलं. म्हटलं, ब्लासा, बघ.

मग संथ भाग. मग सगळे थांबले.

त्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली, हात हातात घेतले, माना खाली घातल्या. आणि मला दिसलं मी काय पाहते आहे ते. काळ्या कपड्यांतली माणसं, खुर्च्यांवर, गोलाकार, गप्प, जमिनीकडे डोळे. आणि मधोमध माझी पोर. आमच्या बैठकीच्या खोलीत ब्लासला ठेवला होता, अगदी तसंच. फक्त ही अजून हात हलवत होती.

कुणीतरी तोंडावर हात धरून खोकलं.

नगाऱ्यांच्या मागे, सगळ्यात शेवटी, कुणीतरी उभं होतं. काळं ल्यालेलं. बाई की पुरुष, कळलं नाही, कारण पाठ आमच्याकडे आणि तोंड भिंतीकडे. उजवं कोपर तेवढं हळूहळू फिरत होतं. घाई नव्हती कसली. घरचंच काम करावं तसं.

फुएन्सान्ताने तो सूर सोडला आणि हात थांबवला. सूर विरत गेला, आणि विरता विरता खाली घसरला. बारीक तार. तिच्या गिटारला लोखंडी मळसूत्र, कुणी हात लावलेला नाही, आणि तार सैल होत होती. क्र्र...

शपथ माझ्या दातांत होती. मी तीच थुंकले.

"ओऽले! ओऽले, माझ्या पोरी!"

सगळ्या माना वर आल्या. डॉन लेआंद्रोंची काडी पडली. कर्णेवाला फसकन हसला. मागच्या भिंतीशी कुणीच नव्हतं.

"सेन्योरा!" डॉन लेआंद्रो गरजले. "उद्या रेडिओ आहे! उद्या हे झालं तर हिचं नाव कायमचं हास्यास्पद होईल, कळतंय का तुम्हाला?"

"मागे कोण होतं? नगाऱ्यांच्या मागे कोण उभं होतं?"

"बाहेर काढा त्यांना," ते दाराशी असलेल्या माणसाला म्हणाले. "आणि उद्या आत सोडू नका."

मी फुएन्सान्ताकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल म्हणून. ती मान खाली घालून बारीक तार पुन्हा चढवत होती.

७

रविवारी मी थिएटरच्या आतल्या बोळात उभी होते. दाराशी कालचाच माणूस, एलाडिओ नाव त्याचं.

"आजी, मला माझी नोकरी आहे."

"मला माझी नात आहे, बाळा," मी त्याच्या कानाशी नुसत्या श्वासाने म्हटलं.

"इथे उभ्या राहा हवं तर. दारातून ऐकू येतं सगळं. पण ओरडायचं नाही हं. काल माझ्या बायकोला सांगितलं तर हसून हसून तिचं पोट दुखलं."

"तुझी बायको कुठली?"

"माद्रिदची."

"मग हसेल ती."

रात्रभर मी मनात घोळवत होते: सहावी खुंटी अर्धी फिरली आहे, अर्धी राहिली. मला ओरडायचं होतं, दार फोडून ओरडायचं होतं, मग हसू दे सगळ्या स्पेनला. पण सकाळी उठले तर घसा बसलेला. काल जे ओरडले, त्यानेच गेला की काय कोण जाणे. मध घेतला, लिंबू घेतलं. कानाशी कुजबुजता येई तेवढंच, ओरडायला तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर. फुएन्सान्ताला हे ठाऊक नव्हतं. थिएटरात आत जाताना तिने विचारलं होतं, "आजी, तू कुठे असशील?" मी हाताने खूण केली, इथेच, दाराशी. तिला वाटलं, मी रागाने बोलत नाही.

पहिला भाग संपला. संथ भाग सुरू झाला. एलाडिओ सिगारेट ओढायला बाहेर गेला. मी दाराच्या फटीला तोंड लावलं. लाकूड थंड होतं, त्याला मेणाचा वास होता. आत व्हायोलिनं उतरत उतरत थांबली.

एकटीची जागा.

ती वाजवत होती. इतकं सुंदर तिने कधीच वाजवलं नव्हतं, आणि मला ते सहन होईना, कारण मी पुढचा थांबा ऐकत होते. सूर सुटला. विरू लागला. आत हजार माणसं आणि एक श्वास नाही. मग खोकला, तोंडावर हात धरून. मग,

क्र्र.

मी तोंड उघडलं. हवा. पुन्हा उघडलं. दारावर मुठी मारल्या तर त्या जाड लाकडाने आवाजच घेतला नाही. क्र्र. सूर घसरत होता. मी कपाळ दारावर आपटलं. माउली, माझा आवाज दे, दुसरं काही नको, एवढा एक आवाज...

"ओऽले!"

आतून. बाईचा आवाज, कापणारा, पण छातीतून आलेला. एकटीच्या जागेत, हजार माणसांसमोर, रेडिओसमोर, वाजवणारीनेच स्वतःसाठी घातलेला. माझ्या पोरीचा.

"ओऽले!" पुन्हा. आणि गिटार अशी उसळली की मी दारावरच घसरून खाली बसले. कुणीतरी हसलं, कुणीतरी श्श केलं. मग वर, स्वस्त रांगांमधून, एका म्हाताऱ्याने ओरडून साथ दिली, मग दुसऱ्याने. व्हायोलिनं आली. खुंटी कुठेच नव्हती. मी तिथेच जमिनीवर बसून रडत होते, आवाजाविना.

मग मला जाणवलं की बोळ आता तेवढा मोकळा राहिला नव्हता.

मी आले तेव्हा भिंतीला काहीही लावलेलं नव्हतं. आता डोळ्यांच्या कोपऱ्यात, भिंतीच्या कडेने, विणलेल्या गवताच्या बसक्या खुर्च्या होत्या, एकीला एक लागून, आमच्याकडे शेजारी आणून ठेवतात तशा. सगळ्यांत जवळची करकरली, कुणी बसल्यासारखी. आणि माझ्या पाठीशी, अगदी अदबीने, कुणीतरी खोकलं.

मी गिटार वाजवणारी नाही. माझ्या तारा कुणी सैल कराव्यात? पण आत माझी पोर वाजवत होती, तिचा तिसरा भाग सुरू झाला होता, नाचासारखा, आणि तो संपायला अजून अवकाश होता. मनात म्हटलं, तिकडे आत जाऊ नका, बाबांनो. इथेच बसा माझ्यापाशी.

मी पाठ दाराला घट्ट लावली, दोन्ही हात पसरले, आणि डोळे मिटून घेतले.